आधी लावणी, मग चित्र

नात्याला, माझ्या गावी, घरी गेले की शेजारच्या अण्णांचा प्रश्न ठरलेला असतो. “काय ग, तुझ्या पेपरात आपल्या रस्त्याचं कधी छापून येणार?” मी एडिटर आहे एवढे त्यांच्या कानावर आले होते आणि एडिटर म्हणजे वर्तमानपत्राचा संपादक, ही त्यांची समजूत पक्की होती. एकदा मी ओट्यावर बसून नीट सांगितले. मी संकलक आहे, टीव्हीवर मुलांची कार्टून लागतात ना, ती जोडते, कापते. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतले, पान लावले आणि म्हणाले, “कार्टून तर हातानं काढतात. मग हवं तेवढंच काढायचं. जास्तीचं कुणी काढलंच नाही, तर त्यातलं तू कापतेस काय?”

पंचवीस वर्षांत या व्यवसायाबद्दल मला कुणी विचारलेला हा सर्वांत चांगला प्रश्न. चित्रपटाच्या जगात वावरणाऱ्या जाणत्या माणसांनीही तो इतका सरळ विचारलेला नाही. कार्टूनला संकलक कशाला लागतो, हे कळले की तो होण्यासाठी काय शिकावे लागते हे आपोआप कळते. म्हणून या पुस्तकाची सुरुवात अण्णांच्या प्रश्नापासूनच करते.

अण्णांना मी शेताच्या भाषेत उत्तर दिले, आणि पुढे मुंबईत विद्यार्थ्यांना शिकवतानाही तेच वापरत आले. नटनट्यांचा चित्रपट असतो तिथे संकलन म्हणजे कापणी. एकच प्रसंग चार बाजूंनी, सहा-सहा वेळा टिपलेला असतो. पीक उभे आहे. कापायचे, झोडायचे, वारा द्यायचा, दाणा ठेवायचा आणि पेंढा बाजूला करायचा. कार्टूनमध्ये उभे पीक नसतेच. तिथे संकलन म्हणजे लावणी. आवण तयार आहे, खाचरात चिखल झाला आहे, आणि आता मुठीतली रोपे कुठे, किती अंतरावर, किती दाट लावायची हे पावसात उभे राहून ठरवायचे आहे. दाट लागले तर रोप माजते, दाणा भरत नाही. विरळ लागले तर खाचर रिकामे दिसते. आश्विनात काय हाती येणार ते आषाढात ठरलेले असते. कार्टूनचा संकलक हा आषाढातला माणूस आहे. चित्रकाराने खरे चित्र काढायला घेण्याआधी त्याचे मुख्य काम झालेले असते.

हे थोडे आकड्यांनी पाहू. चित्रपटगृहात चित्र सेकंदाला २४ चौकटींनी चालते. आपल्याकडच्या दूरचित्रवाणीवर २५. टीव्हीवरच्या अर्ध्या तासाच्या कार्टूनची स्वतःची लांबी जाहिराती वजा जाता साधारण २२ मिनिटे धरली, तर ३३,००० चौकटी होतात. प्रत्येक चौकटीला नवे चित्र लागते असे नाही. हाताने काढलेल्या कामात बहुधा एक चित्र दोन चौकटी टिकते, म्हणजे सेकंदाला सुमारे बारा चित्रे. तरीही २२ मिनिटांना पंधरा हजारांहून अधिक चित्रे झाली. त्रिमितीय कामात चित्र काढावे लागत नाही, पण प्रत्येक हालचाल कुणीतरी बसून घडवावीच लागते आणि प्रत्येक चौकट यंत्राकडून रंगवून घ्यावी लागते. इतक्या मेहनतीचे काम ‘आधी करून ठेवू, नंतर काय ठेवायचे ते पाहू’ अशा रीतीने करता येत नाही. म्हणून कार्टूनमध्ये आधी कच्चा चित्रपट करतात. स्टोरीबोर्डची साधी, काळी-पांढरी, पेन्सिलची चित्रे घ्यायची, त्यांच्याखाली कलाकारांचे रेकॉर्ड केलेले आवाज ठेवायचे, तात्पुरते संगीत ठेवायचे, आणि प्रत्येक चित्र पडद्यावर किती वेळ राहील ते ठरवायचे. यालाच अ‍ॅनिमॅटिक म्हणतात. हा अख्खा चित्रपटच असतो. फक्त त्यात अजून कुणी हललेले नसते.

अ‍ॅनिमॅटिक संकलकाच्या टेबलावर जन्मते. त्यावर चर्चा होते, भांडणे होतात, प्रसंग उडतात, नवे येतात, आणि एके दिवशी दिग्दर्शक म्हणतो, “लॉक.” त्यानंतरच चित्रकारांच्या हाती काम जाते. कोणत्या शॉटला किती चौकटी हे तोवर ठरलेले असते, आणि त्यापुढे एकेक चौकट म्हणजे कुणाच्या तरी दिवसाचा तुकडा असतो.

याची किंमत मी सुरुवातीच्या काळात मोजली आहे. एका मालिकेच्या भागात पाठलागाचा प्रसंग होता. अ‍ॅनिमॅटिकमध्ये तो मला लांबलेला वाटत होता. पण मी नवखी होते, वेळ कमी होता, आणि ‘चित्रे हलायला लागली की भरेल’ अशी मी स्वतःचीच समजूत घातली. चित्रे हलली आणि प्रसंग भरला नाही. चौदा सेकंद काढून टाकावे लागले. चौदा सेकंद म्हणजे १६८ चित्रे. ती काढणारा मुलगा माझ्या मागच्याच टेबलावर बसायचा. त्याने काही म्हटले नाही, कागदांचा गठ्ठा उचलून खालच्या खणात ठेवला. तेव्हापासून अ‍ॅनिमॅटिकमध्ये शंका आली की मी ती त्याच दिवशी बोलून दाखवते, समोर कितीही मोठा माणूस असो. या पुस्तकातला एक अख्खा पाठ शंका कशी मांडावी यावर आहे, त्याचे मूळ त्या खणात आहे.

आता थोडे मागे जाऊ, कारण या कलेकडे आपण परदेशातून आलेली वस्तू म्हणून पाहतो आणि ते पुरते खरे नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे. सुट्या कागदांवर रंगवलेली चित्रे एकामागून एक समोर धरायची आणि वाद्यांच्या साथीने कथा सांगायची. चित्र बदलण्याचा क्षण कोण ठरवतो? सांगणारा. युद्धाचे चित्र किती वेळ धरायचे, सीतेचे किती, आणि श्रोते गुंगलेले असताना पुढचा कागद कधी काढायचा, हा निर्णय त्याच्या हातात असतो. मी तरुण संकलकांना सांगते, एकदा पिंगुळीला जाऊन फक्त त्या हातांकडे पाहा. कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे कंदिलाच्या उजेडाने पडद्यावर पाडायची आणि ती सरकवून, बदलून हालचालीचा भास निर्माण करायचा. त्यावेळी आपल्याकडे सिनेमा पोचायचा होता.

मग दादासाहेब फाळके. त्यांना सगळे ‘राजा हरिश्चंद्र’साठी ओळखतात, पण आमच्या व्यवसायाच्या दृष्टीने त्यांच्या दोन लहान फिती फार मोलाच्या आहेत. १९१२ मध्ये त्यांनी कुंडीतल्या रोपाची वाढ टिपली. कॅमेरा एका जागी, आणि ठरावीक वेळाने एकेक चौकट. काही आठवड्यांची वाढ मिनिटाच्या आसपास पडद्यावर. ही फीत दाखवून त्यांनी पहिल्या चित्रपटासाठी भांडवल उभे केले. १९१५ ची ‘आगकाड्यांची मौज’ म्हणजे काडेपेटीतल्या काड्यांना जिवंत करणे. एक चौकट घ्यायची, हात आत घालून काडी हलवायची, हात बाहेर काढायचा, पुढची चौकट घ्यायची. दोन्ही ठिकाणी काट कॅमेऱ्याच्या आतच झालेला आहे. दोन चौकटींच्या मधला वेळ, मधला हात, मधले सगळे प्रयत्न फाळक्यांनी गाळले, आणि पाहणाऱ्याला फक्त अंकुर आणि काड्या दिसल्या. माझ्या मते भारतातल्या कार्टून-संकलनाची सुरुवात इथे धरावी.

आणि सरस्वतीबाई फाळके. फाळके कोरी फीत परदेशातून मागवत. तिच्या कडांना भोके नसत. ती भोके अंधारात पाडण्याचे काम सरस्वतीबाई करत, फीत धुण्याची रसायनेही त्या सांभाळत. ३५ मिलिमीटरच्या फितीत एका चौकटीला एका बाजूने चार भोके असतात आणि एका फुटात सोळा चौकटी बसतात. म्हणजे एका फुटाला दोन्ही बाजू मिळून १२८ भोके. ‘राजा हरिश्चंद्र’ ३,७०० फुटांचा होता असे नोंदवले गेले आहे. गुणाकार करा: पावणेपाच लाखांच्या जवळ जातो, आणि वाया गेलेली फीत यात धरलेली नाही. एक भोक चुकले तर चित्र पडद्यावर उडी मारते. सेकंदाचे सोळा-चोवीस तुकडे करून प्रत्येक तुकडा जागच्या जागी राहील याची काळजी वाहणे हा आमच्या व्यवसायाचा पाया आहे, आणि तो पाया या देशात एका मराठी गृहिणीने दादरच्या घरात, अंधाऱ्या खोलीत, हाताने घातला. संकलनाकडे वळणाऱ्या प्रत्येक मुलीला मी हा गुणाकार स्वतः करायला लावते.

१९३४ मध्ये पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने ‘जंबूकाका’ हा व्यंगपट काढला. चित्रण रघुनाथ केळकरांचे. त्याच प्रभातच्या आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली, आणि आजही तिथे संकलन शिकवले जाते.

१९५६ साल म्हटले की आमच्या गावाला एकच गोष्ट आठवते. नात्यात जन्मलेल्या चिंतामणराव देशमुखांनी त्या वर्षी संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर देशाचे अर्थमंत्रिपद सोडले. मला त्याच सालाची आणखी एक नोंद गावाला सांगायची असते. त्या वर्षी फिल्म्स डिव्हिजनने मुंबईत कार्टून फिल्म युनिट उभे केले. डिस्नेच्या स्टुडिओत अनेक वर्षे काढलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले आणि इथल्या तरुणांची पहिली तुकडी तयार झाली. १९५७ मध्ये जातककथेवरचा ‘द बॅनियन डीअर’ निघाला. त्या तुकडीतले राम मोहन पुढे या क्षेत्राचे आधारवड झाले. मृणाल सेनच्या ‘भुवन शोम’मधले आणि सत्यजित रायच्या ‘शतरंज के खिलाडी’मधले कार्टूनचे तुकडे त्यांचे, आणि जपानी दिग्दर्शक युगो साको यांच्याबरोबर केलेले ‘रामायण’ही त्यांचे. सरकारी खात्याच्या माहितीपटांसाठी उभी राहिलेली ही कार्यशाळा होती; लसीकरण, बचत, कुटुंबनियोजन असे विषय असत. पण तिथे शिस्त शिकवली गेली. चित्राआधी आवाज, आवाजाआधी मोजमाप, आणि प्रत्येक चौकटीचा हिशेब एका लांबलचक तक्त्यावर. त्या तक्त्याला आम्ही एक्स-शीट म्हणतो. उभ्या ओळीत चौकटींचे क्रमांक, आडव्या ओळीत कोणता थर, कोणते चित्र, कोणता उच्चार. संगणक आल्यावर तक्त्याचे रूप बदलले, त्यामागचा विचार तोच राहिला.

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकाला १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ सांगावा लागणार नाही. भीमसैन यांनी केलेला, विजया मुळे यांच्या कल्पनेतून आणि लेखणीतून आलेला, वसंत देसाईंच्या संगीताचा सुमारे सात मिनिटांचा व्यंगपट. वसंत देसाई प्रभातमध्ये घडलेले, म्हणजे धागा पुन्हा तिथेच जातो. शिकारी जाळे टाकतो, पाखरे अडकतात, सगळी मिळून जाळ्यासकट उडतात, उंदीर जाळे कुरतडतात. गोष्ट प्राचीन आहे. पण तो पुन्हा पाहताना आवाज बंद करा आणि फक्त चित्रे कधी बदलतात ते पाहा. मग चित्र बंद करा आणि फक्त ऐका. चित्र आणि ठेका किती घट्ट विणले आहेत ते दोन्ही वेळा कळेल. या पुस्तकातला तिसरा पाठ म्हणजे त्या सात मिनिटांचा अभ्यास आहे, आणि एका पाठासाठी मला याहून चांगले साहित्य सापडलेले नाही.

आवाजाबद्दल इथेच एक गोष्ट सांगून टाकते. कार्टूनमध्ये बोलणे आधी रेकॉर्ड होते आणि ओठ नंतर काढले जातात. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात; आ म्हणताना जबडा खाली येतो. ‘बाबा’ या शब्दात ओठ दोनदा मिटतात, ‘आई’त एकदाही नाही. हे चित्रकाराच्या तक्त्यात लिहिले जाते, पण ‘बाबा’च्या आधी मुलाने किती थांबावे, श्वास घ्यावा की नाही, हे संकलक ठरवतो. रेकॉर्डिंगच्या पाच टेकमधून एका वाक्याचा पहिला अर्धा भाग दुसऱ्या टेकचा आणि उरलेला चौथ्याचा, असे जोडताना मी कित्येक संध्याकाळी घालवल्या आहेत. म्हणून ज्याला मराठी कानाने कळते, बोलीतले हेलकावे ओळखता येतात, त्याने या व्यवसायात यावे असे मला मनापासून वाटते. पोलादपूरच्या मुलाच्या कानात जे आहे ते कुठल्याही यंत्रात नाही.

एक उदाहरण अगदी जवळून दाखवते. गेल्या मे महिन्यात आमच्या पडवीत गावातली दहा-बारा मुले जमवली होती. साधने म्हणजे एक चित्रकलेची वही, एक मोबाइल आणि माझा लॅपटॉप. सातवीतल्या एका मुलीने पाच चित्रे काढली. कावळा विजेच्या तारेवर बसला आहे. वरच्या तारेला पाण्याचा थेंब लोंबतो आहे. थेंब सुटतो. थेंब कावळ्याच्या डोक्यावर फुटतो, कावळा तसाच. कावळा एक डोळा मिटतो. एवढेच.

आधी आम्ही प्रत्येक चित्र सारखेच, बारा-बारा चौकटी ठेवले. सगळ्यांनी पाहिले. कुणी हसले नाही. ती मुलगी हिरमुसली, म्हणाली, “ताई, चित्रच खराब आहे.” मी म्हटले, चित्राला हात लावायचा नाही. मग लोंबणाऱ्या थेंबाला ४० चौकटी दिल्या. मुले वाट पाहू लागली. सुटलेल्या थेंबाला फक्त तीन. फुटल्यावर कावळा तसाच, २२ चौकटी. मग डोळा मिटतो, पाच. पडवी हसली. हसू थेंब फुटताना आले नाही, डोळा मिटतानाही सुरू झाले नाही. ते आले त्या २२ चौकटींमध्ये, जिथे काहीच घडत नव्हते. मग त्या मुलीला मोह झाला. तिने २२ च्या ३० केल्या. हसू मेले. तिने काही न बोलता परत २२ केल्या. अण्णा ओट्यावरून पाहत होते. त्यांनी पहिली आवृत्ती पुन्हा लावायला सांगितली, पाहिली, आणि विचारले, “चित्रं तीच आहेत ना?”

तीच होती. बदलले होते ते एका चित्राचे दुसऱ्याशी असलेले नाते. गावाच्या नावामुळे हा शब्द मला आयताच मिळाला आहे. पण खरोखरच मराठीत यासाठी याहून नेमका शब्द नाही. कावळ्याचा चेहरा पाचही चित्रांत जवळजवळ तोच होता. त्याच्या आधी किती वाट पाहायला लावले, आणि नंतर किती वेळ काहीच होऊ दिले नाही, यावरून आपण त्याला सोशिक ठरवले. चित्रात सोशिकपणा काढलेला नव्हता.

ज्या मुलीने आठ चौकटी वाढवून पाहिल्या आणि परत काढल्या, तिला या व्यवसायातले सगळ्यात अवघड कौशल्य त्या दुपारी कळले. माझ्या अनुभवात मोठमोठ्यांनाही परत काढणे जमत नाही.

आता व्यवसायाकडे. हे काम करणाऱ्याचे पुढे काय होते, असे पालक विचारतात, आणि तो प्रश्न योग्य आहे. अमेरिकेत जो रुबी आणि केन स्पिअर्स हे दोघे हॅना-बार्बेरा या कार्टून स्टुडिओच्या संकलन विभागात कामाला होते. तिथेच त्यांची ओळख झाली. पुढे ते लिहू लागले, आणि १९६९ मध्ये ‘स्कूबी-डू’ त्यांच्या डोक्यातून निघाला. ‘टॉय स्टोरी’चा एक संकलक ली अन्‌क्रिच पुढे ‘टॉय स्टोरी ३’ आणि ‘कोको’चा दिग्दर्शक झाला. यात नवल नाही. कार्टूनचा संकलक कथेच्या जन्मापासून खोलीत असतो. प्रसंग का उडाला, का राहिला, याची कारणे त्याने ऐकलेली असतात. कथा कशी उभी राहते हे शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. आपल्याकडे गीतांजली राव यांनी ‘बॉम्बे रोझ’ लिहिला, रचला, दिग्दर्शित केला आणि संकलितही केला. चौकट न् चौकट हाताने रंगवलेला चित्रपट ज्याला करायचा आहे, त्याला संकलन दुसऱ्यावर सोपवून निश्चिंत होता येत नाही.

टीव्हीचा मार्ग वेगळा आणि जास्त गर्दीचा आहे. २००५ मध्ये व्ही. जी. सामंतांचा ‘हनुमान’ चित्रपटगृहात चालला, २००८ मध्ये ‘छोटा भीम’ आला, २०१२ मध्ये मुंबईत तयार झालेला ‘मोटू पतलू’ आला, आणि एकदम मोठ्या संख्येने भाग लागू लागले. आमच्या रायगडाच्या वाटेवरच्या गावाला विशेष वाटावे असा शिवरायांवरचा मराठी अ‍ॅनिमेशनपट ‘प्रभो शिवाजी राजा’ही २०१८ मध्ये येऊन गेला. मालिकेत संकलकाचा आठवडा असा असतो: एका भागाचे अ‍ॅनिमॅटिक बांधायचे, दुसऱ्याचे लॉक करायचे, तिसऱ्यात कच्च्या शॉटच्या जागी पक्के शॉट बसवायचे, आणि चौथा वाहिनीकडे पाठवायचा. हे चारही एकाच वेळी. म्हणून पहिल्या नोकरीत तुम्हाला कुणी काटछाट करायला देणार नाही. तुम्ही सहायक असाल. फाइलींना नावे द्याल. कोणत्या शॉटची कितवी आवृत्ती आली, कोणता रिटेकला गेला, कोणता अजून आलाच नाही, याची वही ठेवाल. हे काम कंटाळवाणे आहे असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. मला ते मान्य नाही. तीनशे शॉटची वही वर्षभर ठेवली की कोणता शॉट कुठे अडतो आणि का अडतो हे तुम्हाला दिग्दर्शकाआधी कळू लागते. चांगला सहायक कोण ते मी एका गोष्टीवरून ओळखते: तीन महिन्यांपूर्वीची आवृत्ती मागितली तर तो किती वेळात काढून देतो.

शिकण्यासाठी पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आहे, आयआयटी मुंबईचे आयडीसी आहे, जे. जे.चे उपयोजित कला महाविद्यालय आहे. तिथे जागा मिळाली तर जरूर जा. नाही मिळाली तरी थांबू नका. ब्लेंडर पूर्ण मोफत आहे, डाव्हिन्ची रिझॉल्व्हचीही मोफत आवृत्ती आहे, आणि या पुस्तकातले संगणकावरचे सगळे अभ्यास त्या दोन्हींवर होतात. जुन्या काळी ही मोकळीक नव्हती. मी शिकले तेव्हा फीत टेबलावर चालायची, ग्रीस पेन्सिलने खूण करायची, काट मारायचा, टेपने जोडायचे आणि काढलेला तुकडा चिमट्याला लटकवून ठेवायचा. तुकडा डोळ्यांसमोर लोंबत राहायचा. त्यामुळे काय काढले आहे याचा विसर पडत नसे. पडद्यावर काढलेला शॉट दिसेनासा होतो. तेव्हा काय काढले आणि का, हे वहीत लिहायची सवय लावून घ्या.

शब्दांबद्दल एक खुलासा. ‘व्यंगपट’, ‘सचेतनपट’ हे शब्द मला आवडतात, पण स्टुडिओत कुणी ते बोलत नाही. तिथे टाइमिंग, होल्ड, ट्रॅक, रिटेक हेच शब्द आहेत, आणि पहिल्या दिवशी तुम्हाला तेच ऐकू येतील. म्हणून मी तेच ठेवले आहेत. ‘संकलन’ मात्र सोडलेला नाही. एडिटिंग म्हटले की डोळ्यांसमोर कात्री येते. संकलन म्हणजे गोळा करून एकत्र लावणे, आणि अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर त्या शब्दातच होते.

पुस्तकाचे पाठ ओळीने करावेत. पहिल्या चार पाठांना संगणक लागत नाही. एक वही, पेन्सिल आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ घ्या. पहिला अभ्यास असा: खिडकीत बसा, समोर जे कुणी असेल, गाय, शेजारी, एसटीची वाट पाहणारी बाई, त्यांच्याकडे दहा मिनिटे पाहा, आणि ते काहीही न करता किती सेकंद थांबतात ते लिहून काढा. वही भरली की दुसऱ्या पाठाकडे या.

नाते, ता. महाड, जि. रायगड